कडेची नजर आणि मेंदूतला तिचा नकाशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत डोळे तपासणीची शिबिरं होतात आणि तिथे बोलणं चालतं ते चष्म्याच्या नंबराचं नाहीतर मोतीबिंदूचं. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की नजर चांगली, असं समजून माणूस घरी जातो. पण तक्ता मोजतो तो नजरेचा फक्त मधला ठिपका. ज्या नजरेच्या भरवशावर आपण बांधावरून चालतो, आठवडे बाजारातून गाडी काढतो, ती कडेची नजर तक्त्यात येतच नाही. तिच्याबद्दल आणि तिच्यावरच्या मेंदूसंशोधनाबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

कडेची नजर कुठून सुरू होते?

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. ते नख साधारण दोन अंशांची जागा व्यापतं, आणि अगदी रेखीव दिसतं ते एवढ्याच जागेत. त्याच हाताची मूठ केली तर ती दहा अंशांच्या आसपास भरते. याउलट दोन्ही डोळ्यांना मिळून आडवं दिसतं ते जवळपास २०० अंश. एकेका डोळ्याचा हिशोब केला तर कानाच्या बाजूला सुमारे १०० अंश, नाकाच्या बाजूला ६०, वर ६० आणि खाली ७० ते ७५. खाली जास्त, कारण वर भुवई आडवी येते.

जळगावहून भुसावळकडे दुचाकीवर निघालात. डोळे पुढच्या ट्रकच्या ब्रेकलाइटवर खिळलेले. डावीकडे केळीच्या बागेतून घड भरलेला ट्रॅक्टर मान वळवत रस्त्यावर येऊ लागतो. ट्रॉलीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, चालवणारा कोण तेही ओळखू येत नाही. पण काहीतरी मोठं आपल्या दिशेने सरकतंय, हे मान न वळवता कळतं आणि बोटं ब्रेकवर जातात. कडेच्या नजरेचं काम हे असं असतं.

कडेला अंधुक दिसतं, ते डोळ्यामुळे की मेंदूमुळे?

दोघांमुळे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, बारकावे आणि रंग टिपणाऱ्या शंकूपेशी मध्यभागी दाटीने असतात आणि बाहेर जावं तशा विरळ होत जातात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींचं उलट आहे. अगदी मध्यावर त्या नसतातच. सर्वांत दाट असतात त्या मध्यापासून १५ ते २० अंशांवर. त्यात डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये तंतू असतात दहा-बारा लाख, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या घरात. मध्यभागी जवळजवळ प्रत्येक शंकूपेशीचा निरोप स्वतंत्र जातो. कडेला मात्र कितीतरी पेशींचे निरोप एकत्र करून एकाच तंतूवर चढवले जातात. म्हणजे बारकावा वाटेतच गळतो. मेंदूतही कडेला जागा कमी मिळते. ती गोष्ट पुढच्या प्रश्नात.

मेंदूत नजरेचा 'नकाशा' असतो म्हणजे काय?

डोक्याच्या अगदी मागच्या भागात, मानेच्या वर, मेंदूचा एक पट्टा आहे. त्याला व्ही-१ म्हणतात आणि तो बराचसा कॅल्करीन नावाच्या खोल घडीत दडलेला असतो. डोळ्यांसमोर शेजारी शेजारी असलेल्या दोन गोष्टी या पट्ट्यातही शेजारी शेजारीच नोंदल्या जातात. फक्त बाजू उलटतात. डावीकडचं दृश्य उजव्या मेंदूत जातं आणि उजवीकडचं डाव्या. वरचं आभाळ घडीच्या खालच्या काठावर येतं, तर पायाखालची जमीन वरच्या काठावर. आपण जिथे रोखून बघतो तो बिंदू पार मागच्या टोकाला असतो. तिथून घडीत आत, पुढच्या दिशेने सरकत जावं तसतशी कडेची नजर लागते.

पण सगळ्यांना जागा सारखी नाही. गावच्या नकाशांत गावठाणातली घरं मोठ्या प्रमाणावर काढलेली असतात आणि शिवाराची कितीतरी एकर जमीन लहान प्रमाणावर एका कागदात बसवलेली असते, तसंच हे आहे. जोनाथन हॉर्टन आणि विल्यम हॉयट यांनी १९९१ मध्ये माणसासाठी जे सूत्र मांडलं, त्यावरून हिशोब केला तर मध्यापासून एक अंशावरच्या दृश्याला दर अंशामागे सुमारे १० मिलिमीटर मेंदू मिळतो, १० अंशांवर दीड मिलिमीटरच्या आसपास आणि ४० अंशांवर अर्धा मिलिमीटरही नाही. दृश्याच्या मधल्या १० अंशांनी व्ही-१ चा निम्म्याच्या आसपास भाग व्यापलेला असतो. उरलेल्या निम्म्यात बाकीचं सगळं जग.

यावरून कडेची नजर दुय्यम आहे असं समजू नका. तिला जागा कमी आहे कारण तिला वाचायचं नसतं. तिला चाहूल घ्यायची असते.

हा नकाशा पहिल्यांदा कुणाला सापडला?

ही गोष्ट युद्धातली आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन रायफलच्या गोळ्या लहान आणि वेगवान होत्या. डोक्याच्या एका बाजूने शिरून दुसरीकडून निघून जात, आणि अनेक सैनिक जगत. तात्सुजी इनोऊये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे काम होतं ते जखमींच्या नजरेचं नुकसान मोजण्याचं, म्हणजे त्यांची पेन्शन ठरवता येईल. ते त्याने केलंच, पण तेवढ्यावर थांबला नाही. गोळी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा मोजून तिचा मेंदूतला मार्ग काढण्यासाठी त्याने स्वतःच एक उपकरण तयार केलं. मग प्रत्येक सैनिकाला दृश्याच्या कोणत्या भागात दिसत नाही ते टिपून दोन्ही नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. २९ सैनिकांच्या या नोंदी १९०९ मध्ये जर्मन भाषेत छापल्या गेल्या. मधली नजर मागच्या टोकाला, कडेची पुढे, आणि मधल्या नजरेला जागा जास्त, हे त्याने तेव्हाच सांगून ठेवलं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ गॉर्डन होम्सने त्याच वाटेने जाऊन १९१८ मध्ये अधिक तपशीलवार नकाशा दिला, आणि वैद्यकीय पुस्तकांत अनेक दशकं तोच चालला. पुढे त्यातही दुरुस्ती झाली, कारण मधल्या नजरेला लागणारी जागा होम्सने कमी धरली होती. एमआरआयच्या मदतीने ही दुरुस्ती करणारे म्हणजे वर आलेले हॉर्टन आणि हॉयट.

इनोऊयेचं नाव आपल्याकडे जवळजवळ कुणाला ठाऊक नसतं, याचं फार वाईट वाटतं.

मग धडधाकट माणसाच्या मेंदूत हे कसं बघतात? डोकं उघडावं लागतं का?

नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे रक्त जास्त येतं आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळं वागतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हा फरक टिपून दाखवला, आणि १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूवर पहिले प्रयोग आले. हाच फंक्शनल एमआरआय, थोडक्यात एफएमआरआय.

नजरेच्या नकाशाचा प्रयोग असा चालतो. माणूस बोगद्यासारख्या यंत्रात उताणा झोपतो. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावतात. कानात बोळे घालतात, कारण यंत्र ठोकल्यासारखा मोठा आवाज करतं. डोळ्यांच्या वर तिरका आरसा असतो आणि त्यात मागचा पडदा दिसतो. पडद्याच्या मधोमध एक ठिपका. नजर त्याच्यावरून हलवायची नाही, आणि ठिपक्याचा रंग बदलला की हातातलं बटण दाबायचं. लक्ष तिथेच राहावं यासाठी ही युक्ती. ठिपक्याभोवती काळ्या-पांढऱ्या चौकटींचं लुकलुकणारं कडं हळूहळू मोठं होत बाहेर जातं, संपलं की पुन्हा मधून सुरू होतं. दुसऱ्या फेरीत पाचरीच्या आकाराचा तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा ठिपक्याभोवती फिरतो.

कडं मधल्या भागात असतं तेव्हा मेंदूचं मागचं टोक जागं होतं. कडं बाहेर सरकलं की जागा झालेला पट्टाही घडीत पुढे सरकतो. रक्ताचा प्रतिसाद पाच-सहा सेकंद उशिरा येतो, तो उशीर हिशोबातून वजा करतात. मग मेंदूच्या प्रत्येक दोन-तीन मिलिमीटरच्या कणाला विचारता येतं, 'तू कधी जागा झालास?' उत्तरावरून तो कण दृश्याच्या कोणत्या जागेची राखण करतो ते कळतं. कड्यावरून मध्यापासूनचं अंतर मिळतं, पाचरीवरून दिशा. स्टीफन एंगल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आणि मार्टिन सेरेनो यांच्या गटाने १९९५ मध्ये ही रीत बसवली. २००८ मध्ये सर्ज डुमूलँ आणि ब्रायन वँडेल यांनी त्यात भर टाकली ती प्रत्येक कणाला दृश्याचा केवढा तुकडा दिसतो हेही काढण्याची. मध्याजवळचे तुकडे चिमुकले निघतात आणि कडेला मोठे होत जातात. व्ही-१ कडून व्ही-२, व्ही-३ या नजरेच्या पुढच्या टप्प्यांकडे गेलं तरी ते वाढतच जातात.

म्हणजे कडेच्या नजरेचा नकाशा आता पूर्ण झाला?

पूर्ण झाला म्हणता येणार नाही, आणि कारण अगदी साधं आहे. बोगद्यात मोठा पडदा मावत नाही. बऱ्याच प्रयोगांत मध्यापासून दहा-पंधरा अंशांपलीकडे चित्र दाखवताच येत नाही. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या मेंदूतल्या जोडण्या शोधणाऱ्या मोठ्या प्रकल्पात १८१ तरुण माणसांचे नजरेचे नकाशे ७ टेस्ला इतक्या जोरदार चुंबकाच्या यंत्रावर काढले गेले. या विषयातला हा फार मोलाचा साठा आहे. पण त्यातलं चित्रही मध्यापासून ८ अंशांपर्यंतच होतं. म्हणजे मध्यापासून एकेका बाजूला ताठ हाताच्या एका मुठीएवढंही नाही. बाजूला १०० अंशांपर्यंत पसरलेल्या नजरेचा अभ्यास एवढ्या खिडकीतून व्हावा, ही या शास्त्राची खरी अडचण आहे.

काही गटांनी पडदा चेहऱ्याच्या अगदी जवळ आणून किंवा तो वक्र करून मार्ग काढला, आणि लगेच नवं काही हाती आलं. सब्रिना पिट्झालिस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रुंद दृश्य दाखवून माणसाच्या मेंदूतला व्ही-६ हा भाग निश्चित केला. माकडात तो आधी माहीत होता. या भागात कडेच्या नजरेला चांगली जागा आहे, आणि आपण पुढे चालत असताना आजूबाजूचं जग मागे सरकतं त्या प्रवाहाला तो दाद देतो. २०१७ मध्ये इटलीतल्या एका गटाने कॅल्करीन घडीच्या पुढच्या टोकाला प्रोस्ट्रायाटा नावाचा छोटा भाग माणसात दाखवला. तो पार बाहेरच्या कडेला वेगाने सरकणाऱ्या गोष्टींना प्रतिसाद देतो. त्या केळीच्या ट्रॅक्टरची पहिली वर्दी अशाच एखाद्या ठिकाणी लागत असणार, असं मला वाटतं.

चेहरे ओळखायला मधली नजर लागते. मग कडेची नजर कशाला लागते?

जागा ओळखायला. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंदूत चेहऱ्यांना दाद देणारे भाग मधल्या नजरेशी जोडलेले असतात आणि इमारती, ठिकाणं यांना दाद देणारे भाग कडेच्या नजरेशी. पटण्यासारखं आहे. चेहरा आपण रोखून बघतो. पण अमळनेरच्या स्टेशनातून बाहेर पडून कुठे वळायचं ते ठरवताना रस्ता, झाडं, दुकानांच्या रांगा असा सगळा पसारा एकदम डोळ्यांत घेतो.

तोरणमाळला गेलो होतो. फिकी चांदणी थेट बघितली की नाहीशी होते, बाजूला बघितलं की दिसते. हा भास आहे का?

भास नाही. अंधारात काम करतात त्या दंडपेशी, आणि अगदी मध्यभागी त्या नाहीत. नजर थोडी बाजूला नेली की चांदणीचा प्रकाश दंडपेशींच्या दाटीत पडतो. आकाशनिरीक्षण करणारे ही युक्ती रोज वापरतात. सातपुड्यात दिव्यांचा उजेड कमी, म्हणून ती तिथे छान जमते.

कडेला रंग दिसत नाहीत, असं शाळेत शिकवलं होतं. खरं ना?

अर्धवट खरं. बाहेरच्या बाजूला लाल-हिरव्याचा फरक ओळखणं कठीण होत जातं, पण रंगाचा तुकडा पुरेसा मोठा असेल तर कडेलाही रंग कळतो.

एसटीची पाटी कोपऱ्यातून दिसते, पण वाचता येत नाही. अक्षरं तर मोठी असतात!

इथे अडथळा अक्षराच्या आकाराचा नाही, गर्दीचा आहे. एकटं 'च' कडेला ठेवलं तर ओळखता येतं. तेच 'चोपडा' मध्ये बसलं की शेजारची अक्षरं त्याच्यात मिसळतात. हर्मन बाऊमा यांनी १९७० मध्ये याचा ढोबळ नियम सांगितला: अक्षर मध्यापासून जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं काही असेल तर घोटाळा होतो. १० अंशांवरच्या अक्षराला ५ अंश मोकळी जागा हवी. चष्मा बदलून यात काही फरक पडत नाही.

आप्पांना काचबिंदू सांगितलाय, पण ते म्हणतात मला सगळं स्वच्छ दिसतं. औषध टाकायला तयार नाहीत. काय करावं?

आप्पा खोटं बोलत नाहीत. काचबिंदूत ऑप्टिक नर्व्हचे तंतू मरत जातात, आणि बहुतेकदा आधी जाते ती मध्याबाहेरची नजर. मधला ठिपका शेवटपर्यंत टिकू शकतो, म्हणून तक्ता वाचता येतो, पेपर वाचता येतो. गेलेल्या जागी काळा डागही दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून ती जागा भरून काढतो.

हे त्यांना घरीच दाखवता येईल. रेघांच्या वहीवर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाकायला सांगा, उजव्याने फुलीकडेच बघायला सांगा आणि वही सुमारे ३० सेंटीमीटरवर धरून हळूहळू मागे-पुढे करा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. तिथे भोक पडलेलं दिसत नाही, वहीच्या रेघा सरळ पुढे गेलेल्या दिसतात. हा प्रत्येक निरोगी डोळ्यात असलेला आंधळा ठिपका. ऑप्टिक नर्व्ह डोळ्यातून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. आयुष्यभर सोबत असलेली ही उणीव ज्या मेंदूने कधी जाणवू दिली नाही, तो काचबिंदूची उणीवही तशीच झाकतो. हे आप्पांना एकदा पटलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

कडेची नजर मोजण्यासाठी फील्ड टेस्ट असते. हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे बघायचं आणि इकडेतिकडे बारीक प्रकाश चमकला की बटण दाबायचं. नेहमीच्या २४-२ तपासणीत ५४ जागा तपासतात. तिला वेळ लागतो, कंटाळाही येतो, तरी ती टाळू नये. मेलेले तंतू परत येत नाहीत, थेंबांनी फक्त पुढचं नुकसान रोखता येतं. आणि काचबिंदू घराण्यात चालतो, तेव्हा आप्पांच्या भावंडांनी आणि चाळिशी गाठलेल्या मुलांनीही तपासून घ्यावं.

एफएमआरआयमध्येही काचबिंदूची खूण उमटते. फील्ड टेस्टमध्ये जिथे नजर गेलेली असते, त्याच्या मेंदूतल्या जागेचा प्रतिसादही कमी असतो, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. पण निदानासाठी त्याची गरज नाही, फील्ड टेस्ट पुरते.

आईला लकवा झाला. ताटातली डावीकडची भाकरी तशीच राहते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं का?

न्या, पण मेंदूच्या डॉक्टरांनाही हे जरूर सांगा. यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. एक, मागच्या भागातल्या नकाशाची उजवी बाजू रक्त न मिळाल्याने गेली असेल. मग दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं अर्धं दृश्य दिसत नाही. अशा रुग्णांत कधीकधी मधली नजर वाचते, कारण नकाशाच्या मागच्या टोकाला काही जणांत दुसऱ्या रक्तवाहिनीकडूनही रक्त मिळतं. दुसरं कारण, नकाशा शाबूत असतो पण डावीकडे लक्षच जात नाही. हे बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूच्या वरच्या भागाला इजा झाल्यावर होतं. पहिल्या प्रकारात उणीव समजली की माणूस मान वळवून भरपाई करू लागतो. दुसऱ्यात डावीकडे काही असतं हेच त्याच्या ध्यानी येत नाही, पुन्हा पुन्हा आठवण द्यावी लागते. दोन्हीचे व्यायाम वेगळे, म्हणून निदान आधी.

तोवर ताट थोडं उजवीकडे सरकवून ठेवा, म्हणजे आईचं जेवण पोटभर होईल.

पीतबिंदू, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग, खराब होऊन मधली नजर गेली, तर मेंदूतली ती मोठी जागा कडेच्या नजरेला मिळते का?

यावर वाद आहे. २००५ मध्ये काही रुग्णांत ती जागा कडेच्या दृश्याला दाद देताना दिसली. पण २००८ च्या अभ्यासात ही दाद रुग्णाला चित्राबद्दल काही काम दिलं तेव्हाच आली, नुसतं बघताना आली नाही. मेंदूने नकाशा नव्याने आखला, की नजरेच्या पुढच्या टप्प्यातल्या भागांकडून परत आलेला निरोप तिथे उमटला, यावर एकमत नाही. रुग्णाच्या उपयोगाचं एवढं नक्की की कडेची एखादी चांगली जागा निवडून तिच्याने बघायची सवय लावता येते. बरेच जण ती आपोआप लावतातही.

माझा भाचा जन्मापासून ऐकू शकत नाही. बाजूने कुणी आलं की त्याला आमच्याआधी कळतं. असं असतं का?

असतं. हेलन नेव्हिल यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांपासून हे दिसत आलं आहे. २००० मध्ये डॅफ्ने बावेलिए आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयमध्ये पाहिलं की जन्मतः कर्णबधिर माणसं कडेच्या हालचालीकडे लक्ष देतात तेव्हा मेंदूतल्या हालचाल टिपणाऱ्या भागाचा प्रतिसाद वाढतो. बाजूने येणारी चाहूल आपल्याला कान देतो, ते काम त्याच्याकडे नजर करते. वर्गात त्याला अशा जागी बसवा की दाराकडची ये-जा सतत कडेला येणार नाही. लक्ष विचलित होतं ते त्यामुळेच, तो खोडकर आहे म्हणून नव्हे.

तान्ह्या बाळाच्या मेंदूत हा नकाशा असतो का?

पाच महिन्यांच्या बाळांपर्यंत तरी दिसला आहे. जागेपणी बाळांचा एफएमआरआय काढण्याची अवघड कामगिरी २०२१ मध्ये एका अमेरिकन गटाने पार पाडली, आणि प्रौढांसारखीच मांडणी त्यात दिसली.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या घोड्याला आपल्यापेक्षा जास्त कडेचं दिसतं?

कितीतरी जास्त. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला ३५० अंशांच्या आसपास दिसतं. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ती याचसाठी.

जळगाव-धुळ्यात नजरेचा असा नकाशा काढून मिळेल का? आणि धोका काय?

डोकेदुखीसाठी किंवा लकव्यानंतर डॉक्टर लिहून देतात तो एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. नजरेच्या नकाशाला झोपून बघता येईल असा पडदा, वेगळी मापनपद्धत आणि नंतरचा बराच हिशोब लागतो. हे काम संशोधन संस्थांत चालतं. आपल्या देशात एफएमआरआयवर काम करणाऱ्यांत मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बेंगळुरूची निम्हान्स यांचं नाव घेता येईल. रुग्ण म्हणून कुणाला या नकाशाची सहसा गरज पडत नाही.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. धोका असतो तो चुंबकाचा. मंगळसूत्र, जोडवी, कडं, कंबरेचा करदोटा, त्यातला चांदीचा ताईत, सगळं आधी काढून ठेवायचं. पेसमेकर असेल तर सांगायचं. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम केलेल्या माणसाने तर न विचारता सांगायचं, कारण डोळ्यात कधीकाळी उडालेला लोखंडाचा कण चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून घेतात.